भंडाऱ्याचा दगड : ओळख आधी, लिलाव नंतर

खनिजांच्या नकाशावर भंडारा जिल्ह्याचे स्थान जुने आहे. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींनी या धानउत्पादक जिल्ह्याला गेल्या शतकापासून एक वेगळी ओळख दिली. आता चर्चा मँगनीजपुरती राहिलेली नाही. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ३० महत्त्वपूर्ण खनिजांची यादी जाहीर केली. निकेल, कोबाल्ट, तांबे, टंगस्टन, व्हॅनेडियम आणि प्लॅटिनम गटातील धातू या यादीत आहेत. त्यानंतर २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी दिली. त्यासाठी सरकारचा खर्च १६,३०० कोटी रुपये असून सार्वजनिक उपक्रमांकडून आणखी १८,००० कोटींची गुंतवणूक अपेक्षित धरण्यात आली आहे. २०३०-३१ पर्यंत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १,२०० शोधप्रकल्प हाती घ्यावेत, असे उद्दिष्ट आहे.

या घोषणांमुळे पूर्व विदर्भातील जुन्या खनिज-नोंदींना नव्याने महत्त्व येणे स्वाभाविक आहे. परंतु नोंद, साठा आणि खाण या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या खडकात खनिज आढळले की ती नोंद होते. ते किती आहे, किती खोल आहे आणि काढणे परवडते काय हे सिद्ध झाले की साठा होतो. खाण त्याच्याही पुढची पायरी. हा फरक पुसला गेला की गुंतवणूकदाराचे पैसे आणि गावकऱ्यांची जमीन, दोन्ही विनाकारण टांगणीला लागतात. भंडाऱ्याच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. तेथे ज्या दोन गोष्टींच्या आधारे शोध सुरू होतो, त्या दोन्ही दिसायला फसव्या आहेत. एक म्हणजे अत्यल्पसिकत अर्थात अल्ट्रामाफिक खडक आणि दुसरी म्हणजे गॉसन, अर्थात लोहटोपी.

काळा दगड, पण बेसाल्ट नव्हे

मुंबई-पुण्याच्या वाचकाला काळा दगड म्हटले की सह्याद्रीचा बेसाल्ट आठवतो. दख्खनच्या लाव्हाने महाराष्ट्राचा बहुतांश भाग झाकला आहे. मात्र या लाव्हाची पूर्व सीमा नागपूरच्या आसपास संपते. पुढे वैनगंगेचे खोरे लागते आणि त्याखालचा पाया अब्जावधी वर्षांचा आहे. भूवैज्ञानिक ज्या प्राचीन भूखंडाला बस्तर क्रेटन म्हणतात, त्याचेच दुसरे नाव ‘भंडारा क्रेटन’ असे आहे. आमगाव, साकोली ही गावांची नावे तर खडकांच्या गटांची नावे म्हणून भूविज्ञानाच्या ग्रंथांत रूढ झाली आहेत. त्यामुळे पवनी किंवा साकोलीकडे दिसणारा काळा-हिरवट दगड हा सह्याद्रीच्या दगडाचा भाऊबंद आहे असे समजणे चुकीचे ठरते.

खडकातील सिलिकेचे प्रमाण ४५ ते ५२ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर तो बेसाल्टच्या गटात जातो. ते ४५ टक्क्यांच्याही खाली गेले आणि ऑलिव्हीन, पायरोक्सीन यांसारखी लोह-मॅग्नेशियमयुक्त खनिजे ९० टक्क्यांहून अधिक असली, तर तो खडक अत्यल्पसिकत ठरतो. हे खडक मुळात पृथ्वीच्या प्रावरणाशी नाते सांगणारे. क्रोमियम, निकेल आणि प्लॅटिनम गटातील धातू याच खडकांच्या सोबतीने येतात, म्हणून त्यांचा शोध महत्त्वाचा. पवनी परिसरात आणि लगतच्या नागपूर जिल्ह्यातील टाका येथे क्रोमाइट आढळले, ते अशाच खडकांच्या संगतीत. गोंदिया जिल्ह्यातील खुर्सीपार येथील व्हॅनेडियमयुक्त मॅग्नेटाइटही याच कुळाशी जवळीक असलेल्या खडकांत सापडते. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.

अडचण अशी की हे खडक ताज्या रूपात क्वचितच भेटतात. पाणी आणि उष्णता यांच्या प्रभावाने ऑलिव्हीनचे सर्पेंटाइन होते, पुढे त्याचे शंखजिरे होते. मूळचा जड, काळपट दगड हिरवट, मऊ आणि साबणासारखा गुळगुळीत लागू लागतो. नखाने ओरखडा उठेल इतकी त्याची अवस्था बदलते. भेगांमधून मॅग्नेसाइटच्या पांढऱ्या शिरा धावतात. कोठे ॲस्बेस्टसचे तंतू दिसतात. मॅग्नेटाइटचे कण भरपूर असतील तर होकायंत्राची सुई भरकटते. वरची माती मॅग्नेशियम, निकेल आणि क्रोमियम यांनी भरलेली व पोषणद्रव्यांत दरिद्री असल्याने झाडोरा खुरटतो. शेजारच्या क्वार्ट्झाइटमध्ये क्रोमियमयुक्त हिरवे अभ्रक चमकत असेल तर तीही एक खूण मानली जाते. यांतील कोणतीही एक खूण पुरेशी नाही. मात्र तीन-चार खुणा एका रांगेत, एका दिशेने मिळत गेल्या की भूवैज्ञानिक त्या पट्ट्यावर थांबतो.

भंडाऱ्यात आणखी एक घोळ संभवतो. मँगनीजचा जिल्हा असल्याने येथे काळा आणि जड दगड हाती आला की तो मँगनीजच, असा सर्वसाधारण समज असतो. खात्री करण्याची जुनी पद्धत साधी आहे. चिनी मातीच्या न झिलई केलेल्या तुकड्यावर दगड घासायचा आणि उमटणाऱ्या रेघेचा रंग, म्हणजे खनिजाचा कस, पाहायचा. डोंगरी बुजुर्गला मिळते तसे मँगनीज डायऑक्साइड मऊ असते, बोटे काळी करते आणि त्याचा कसही काळा असतो. मॅग्नेटाइटचा कस काळाच, परंतु लोहचुंबकाला तो घट्ट चिकटतो. क्रोमाइट कठीण असते, बोटाला रंग लागत नाही, चुंबकाकडे त्याची ओढ नसते किंवा अगदी क्षीण असते आणि त्याचा कस तपकिरी उमटतो. काही रुपयांच्या साधनांत होणारी ही पहिली चाळणी आहे. तिच्याशिवाय नमुना प्रयोगशाळेत पाठवणे म्हणजे वेळ आणि पैसा यांचा अपव्यय होय.

लोहटोपीची गोष्ट

दुसरी खूण लाल-तपकिरी रंगाची आहे. जमिनीखाली तांबे, जस्त, शिसे किंवा निकेल यांची सल्फाइड खनिजे असतील आणि त्यांचा वरचा भाग हवा-पाण्याच्या संपर्कात आला, तर तो कुजू लागतो. गंधकाचे आम्ल तयार होते, विरघळणारे धातू पाण्याबरोबर खाली झिरपतात आणि वर उरतो तो लोखंडाचा गंज. गोएथाइट, हेमॅटाइट आणि लिमोनाइट यांचा हा सच्छिद्र थर म्हणजे गॉसन. खाली दडलेल्या धातुकाच्या डोक्यावर जणू लोखंडी टोपी घातलेली असते. पाण्याच्या पातळीजवळ खाली झिरपलेले तांबे पुन्हा साचून समृद्ध पट्टाही तयार होऊ शकतो. म्हणूनच जगभरच्या शोधकांनी शतकानुशतके या टोपीचा माग काढला.

भारतात याचे ठळक उदाहरण राजस्थानचे. राजपुरा-दरीबा येथील लोहटोपीच्या पट्ट्यावर प्राचीन काळी खाणकाम झाल्याचे पुरावे आहेत. रामपुरा-आगुचाचा जस्त-शिशाचा साठा १९७७ मध्ये राज्याच्या खाण व भूविज्ञान विभागाच्या पाहणीतून उजेडात आला आणि पुढे तो जगातील मोठ्या जस्त-खाणींपैकी एक ठरला. पूर्व विदर्भातही साकोली गटाच्या खडकांत अशा धातूंच्या नोंदी आहेत. नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात कोलारी-भानोरी येथे जस्त, खोबना येथे टंगस्टन आढळले. तांबेखाणी या ठिकाणाचे तर नावच बोलके आहे. हा भूपट्टा जिल्ह्याच्या प्रशासकीय सीमेपाशी थांबत नाही. त्यामुळे भंडाऱ्याकडे लक्ष वळणे तर्कसंगत आहे.

तरीही प्रत्येक लाल दगड ही लोहटोपी नव्हे. मोसमी पावसाच्या प्रदेशात कोणताही लोहयुक्त खडक दीर्घकाळ भिजत-वाळत राहिला की त्याचा जांभा होतो. नाल्याच्या काठी पाण्याने वाहून आणलेले लोह साचूनही लाल कवच तयार होते. ही खोटी लोहटोपी. खरी आणि खोटी ओळखण्याचे काही ठोकताळे आहेत. जांभा सहसा सपाट पसरतो, त्यात वाटोळे खडे आणि नळ्यांसारखी पोकळी दिसते. खरी लोहटोपी खडकाच्या थराला धरून अरुंद पट्टीसारखी लांबत जाते. भिंगातून पाहिल्यास तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आढळते. नाहीशा झालेल्या सल्फाइडच्या कणांचे ते रिकामे साचे असतात. हिरवे मॅलेकाइट, निळे ॲझुराइट किंवा पिवळट जॅरोसाइट यांचे डाग सापडले तर संशय बळावतो.

जस्ताच्या बाबतीत आणखी सावधगिरी लागते. जस्त सहज विरघळते आणि निघून जाते. त्यामुळे लोहटोपीच्या नमुन्यात जस्त कमी आले याचा अर्थ खाली जस्त नाही असा होत नाही. कोलारी भागात गाह्नाइट हे जस्तयुक्त खनिज म्हणूनच मार्गदर्शक ठरते. ते हवामानाला दाद देत नाही. बाकीचे जस्त वाहून गेले तरी ते जागेवर राहते. आकड्यांपेक्षा खनिजाची ओळख कधी कधी अधिक सांगते, याचे हे उत्तम उदाहरण.

अहवालातील आकडा आणि त्याचा अर्थ

खरी गुंतागुंत होते ती या दोन फसव्या खुणा एकत्र आल्यावर. अत्यल्पसिकत खडकावर जांभा तयार झाला, तर त्या लाल दगडात निकेल आपोआपच सापडते. ताज्या पेरिडोटाइटमध्येच सुमारे ०.२ टक्के निकेल असते. ते ऑलिव्हीनच्या रचनेत बांधलेले असल्याने स्वतंत्र धातुक म्हणून त्याला किंमत नसते. त्या खडकाचा जांभा होताना निकेलचे प्रमाण आणखी वाढते. एखाद्याने असा लाल नमुना तपासून घेतला आणि अहवालात निकेल दिसले, की ‘निकेल सापडले’ अशी बातमी पसरण्यास वेळ लागत नाही. प्रत्यक्षात तो अहवाल खोटा नसतो. त्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो.

हा पेच सोडवण्याची रीत अनुभवी भूवैज्ञानिकांना ठाऊक असते. निकेलबरोबर क्रोमियमही भरपूर आणि तांबे नगण्य असेल, तर तो बहुधा खडकाचा जांभा. निकेलबरोबर तांबे चढे असेल आणि पॅलेडियम, इरिडियम यांसारखे प्लॅटिनम गटातील धातू अल्प प्रमाणात का होईना नोंदले जात असतील, तर खाली सल्फाइड असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. म्हणजे एकट्या निकेलच्या आकड्याला अर्थ नाही. चार-पाच धातूंचे परस्परप्रमाण आणि नमुना नेमका कोणत्या खडकावरून उचलला याची नोंद, या दोन्ही गोष्टी हव्यात.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलका आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कांबाल्डा येथील लोहटोपीचे नमुने दुसऱ्या महायुद्धानंतर युरेनियमच्या अपेक्षेने गोळा झाले होते. युरेनियम नाही म्हणून ते बाजूला पडले. १९६० च्या दशकात त्यांची निकेलसाठी तपासणी झाली आणि १९६६ मध्ये तेथे वेधनछिद्रातून निकेलचा समृद्ध साठा लागला. ओळख पटण्यास जवळपास दोन दशके गेली. मात्र त्या यशानंतर निकेलचा ज्वर चढला. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये एका डॉलरच्याही खाली असलेला ‘पोसायडन’ या कंपनीचा समभाग फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरपर्यंत पोहोचला आणि त्यानंतर कोसळला. लोहटोपी दाखवून भांडवल उभारणाऱ्या किती तरी कंपन्यांच्या हाती जांभ्याखेरीज काही लागले नाही. त्या धड्यातूनच तेथे खनिजसाठे जाहीर करण्यासाठी कठोर संहितेची मागणी पुढे आली आणि १९८९ मध्ये ‘जॉर्क’ संहिता अस्तित्वात आली.

कायदा बदलला, पायरी तीच

भारतातील व्यवस्थेत गेल्या दशकात मोठे बदल झाले. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन खाणपट्टे लिलावाने देण्याची पद्धत आली. शोधकार्याचे चार टप्पे ठरलेले आहेत. जी-४ म्हणजे टोह, जी-३ म्हणजे प्राथमिक पूर्वेक्षण, जी-२ म्हणजे सर्वसाधारण आणि जी-१ म्हणजे सविस्तर अन्वेषण. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर केवळ जी-४ पातळीवरील माहितीच्या आधारेही संयुक्त परवान्याचा लिलाव शक्य झाला. २०२३ च्या दुरुस्तीने २९ खनिजांसाठी स्वतंत्र शोध-परवाना आणला. तांबे, जस्त, सोने, निकेल आणि प्लॅटिनम गटातील धातू त्यात येतात. या परवान्याच्या पहिल्या लिलावाची प्रक्रिया मार्च २०२५ मध्ये १३ गटांसाठी सुरू झाली.

खासगी भांडवल आणि नवे तंत्र शोधकार्यात यावे, हा या बदलांमागचा हेतू योग्यच आहे. खोलवरच्या साठ्यांचा शोध खर्चिक असतो आणि त्यात अपयशाचे प्रमाण मोठे असते. परंतु जी-४ हा टप्पा म्हणजे नकाशा, पायपीट, मोजके नमुने आणि काही रासायनिक विश्लेषणे. खरी आणि खोटी लोहटोपी, साठा आणि जांभा यांतील निवाडा नेमका याच टप्प्यावर व्हायचा असतो. तो कच्चा राहिला तर पुढची सारी इमारत डळमळीत राहते. बोली लावणारा एक तर चढ्या अपेक्षेने फसतो किंवा धोका ओळखून फिरकतच नाही. लिलावाला प्रतिसाद मिळाला नाही म्हणजे तेथे खनिज नाही असेही सिद्ध होत नाही. त्यामुळे प्रदेशाच्या नावावर मात्र अपयशाचा शिक्का बसतो.

भंडाऱ्याच्या दृष्टीने एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. देशाच्या खनिज-प्रशासनाची सूत्रे साठ-पासष्ट किलोमीटरवरील नागपुरातून हलतात. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय, मिनरल एक्सप्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड, मॉइल आणि राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय या साऱ्या संस्था तेथे आहेत. इतकी यंत्रणा हाताशी असताना साकोली पट्ट्यातील जुन्या नोंदींची नव्या निकषांवर फेरतपासणी करणे अवघड नाही. पूर्वी केवळ तांबे किंवा क्रोमियमसाठी तपासलेल्या नमुन्यांचे प्लॅटिनम गटातील धातू, कोबाल्ट आणि टंगस्टन यांसाठी पुन्हा विश्लेषण करणे हे नव्या वेधनापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. कांबाल्डाचा धडा हाच आहे.

जमिनीवरचा हिशेब

या साऱ्याची दुसरी बाजू जमिनीवर राहणाऱ्यांची आहे. पवनी तालुका गोसीखुर्द प्रकल्पाच्या पुनर्वसनाचा दीर्घ अनुभव घेतलेला तालुका आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी ज्याची पायाभरणी झाली, त्या धरणाने गावांच्या पिढ्या अनिश्चिततेत घालवल्या. जिल्ह्याची शेती मालगुजारी तलावांवर आणि वैनगंगेच्या पाण्यावर उभी आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अभयारण्ये याच परिसरात आहेत. अशा ठिकाणी ‘येथे निकेल आहे’ किंवा ‘येथे सोने आहे’ एवढे वाक्यही जमिनीचे भाव, शेतकऱ्याचे पीकनियोजन आणि गावातील सलोखा ढवळून काढण्यास पुरेसे ठरते.

अत्यल्पसिकत खडकांतील खाणकामाचा एक धोका ओडिशातील सुकिंदा खोऱ्याने दाखवून दिला आहे. देशातील क्रोमाइटचा बहुतांश साठा तेथे आहे. त्याचबरोबर खाणींच्या पाण्यातील षट्संयुजी क्रोमियमचा प्रश्नही तेथे अनेक वर्षे गाजतो आहे. लोहटोपीखालची सल्फाइडे उघडी पडली तर आम्लयुक्त पाण्याचा निचरा हाही जगभर ओळखीचा प्रश्न आहे. भंडाऱ्यातील नोंदी सुकिंदाच्या तुलनेत लहान आहेत. तरीही त्या वैनगंगेच्या खोऱ्यात आहेत, हे विसरून चालणार नाही. शोधकार्याच्या पहिल्याच टप्प्यात विहिरी-तलावांच्या पाण्याचे मूळ रासायनिक स्वरूप नोंदवून ठेवले, तर पुढे खाण झाली तरी आणि न झाली तरी ती नोंद गावांच्या उपयोगी पडेल. या खडकांच्या प्रदेशात निसर्गतःच पाण्यात मॅग्नेशियम आणि क्रोमियम जास्त असू शकते. आधीची नोंद नसेल तर दोष कोणाचा हे नंतर ठरवता येत नाही.

लाभाच्या वाट्याचाही विचार हवा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला २०१५ नंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवरील स्वामित्वधनाच्या १० टक्के आणि त्यापूर्वीच्या पट्ट्यांवरील ३० टक्के रक्कम मिळते. ही रक्कम प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाल्यावरच येते. शोधाच्या वर्षांमध्ये गावाच्या वाट्याला येते ती केवळ अनिश्चितता. म्हणूनच शोध लवकर, नेमका आणि प्रामाणिक असणे हे गावाच्याही हिताचे आहे. ‘येथे काही नाही’ हा निष्कर्ष स्पष्टपणे जाहीर करणे ही देखील एक सेवाच होय.

मँगनीजच्या इतिहासातून याच जिल्ह्याला मिळालेला एक दाखला येथे आठवण्याजोगा आहे. १९०९ मध्ये भूवैज्ञानिक एल. एल. फर्मर यांनी मध्य प्रांतातील मँगनीजयुक्त खडकांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांतील एका खडकाला येथील गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. खडक कोणता, त्यात खनिज कसे आले आणि ते पुढे कोठे मिळेल, याची मांडणी पक्की झाली म्हणून त्या पट्ट्यातील खाणी शतकाहून अधिक काळ टिकल्या. अत्यल्पसिकत खडक आणि लोहटोप्या यांच्या बाबतीत तशी मांडणी झाल्यास भंडाऱ्याला नवा उद्योग मिळेल किंवा निदान खोट्या आशेतून सुटका मिळेल. त्यासाठी घोषणांइतकेच महत्त्व हातोडा, भिंग आणि संयम यांना द्यावे लागेल. ते काम लिलावाच्या हातोड्याआधी झाले पाहिजे.